घरात धर्म कडक असला की डिप्रेशन येतं का?

ह्या विषयावर बोलायला गेलं की दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते नामस्मरण करा, देवावर भार टाका, कसलं डिप्रेशन घेऊन बसलात, आमच्या आजीला पाच पोरं आणि नवरा गिरणीत, गेली का ती कधी सायकॅट्रिस्टकडे. दुसरी म्हणते धर्म हाच मूळ रोग आहे, सोडून द्या की झालात बरे. फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे दोन्ही मेसेज एकाच दिवशी येतात, कधीकधी एकाच बिल्डिंगमधून. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंकडे थोडा थोडा पुरावा आहे. म्हणून जरा नीट बघूया.

डिप्रेशन म्हणजे मूड ऑफ होणं नाही, हे आता बऱ्याच जणांना माहितीय. डॉक्टरांची ढोबळ मोजपट्टी अशी की निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असतं किंवा कशातच रस वाटत नाही, आणि सोबत झोप बिघडणं, भूक जाणं नाहीतर वाढणं, थकवा, लक्ष न लागणं, उगाच अपराधी वाटणं, मरणाचे विचार, ह्यातलं बरंच काही चालू असतं. ह्यातलं ते 'अपराधी वाटणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २०१५-१६ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे बंगळुरूच्या निम्हान्स ह्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने केला, बारा राज्यांत, महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात साधारण वीसातल्या एका मोठ्या माणसाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येऊन गेलेलं किंवा चालू असलेलं दिसलं, आणि डिप्रेशन-एन्झायटीसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. म्हणजे आजीला नव्हतंच असं छातीठोक सांगणं कठीण आहे, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आता 'कडक' म्हणजे काय. रोज पूजा करणं किंवा पाच वेळा नमाज पढणं म्हणजे कडक नाही. इथे मी कडक म्हणतोय ते असं की काय खायचं, काय घालायचं, कोणाशी लग्न, कोणाशी मैत्री, मुलीने किती शिकायचं, मोबाईलवर काय बघायचं, हे सगळं आधीच ठरलेलं आहे आणि त्यावर लक्ष ठेवणारं कोणीतरी आहे, आणि चुकलात तर त्याची किंमत आहे. असे ग्रुप प्रत्येक धर्मात आहेत, पंथात आहेत, जातीत आहेत, आणि काही गुरूंच्या भोवती पण आहेत. त्यामुळे हा लेख वाचताना शेजारच्या धर्माचं नाव मनात आणून खूश होऊ नका.

तर रिसर्च. २००३ साली अमेरिकेत टिमोथी स्मिथ वगैरे मंडळींनी १४७ अभ्यास एकत्र करून पाहिले, मिळून सुमारे ९९ हजार माणसं. निष्कर्ष असा की जास्त धार्मिक लोकांत डिप्रेशनची लक्षणं थोडी कमी असतात. थोडी म्हणजे खरंच थोडी, संबंध आहे पण हलका. पण त्याच कामात अजून एक गोष्ट दिसली जी फॉरवर्ड करणारे गाळतात. जे लोक धर्माकडे मुख्यतः इज्जत, ओळखीपाळखी, फायदा म्हणून बघतात, आणि जे संकटात 'देव मला शिक्षा देतोय' असं धरून बसतात, त्यांच्यात डिप्रेशन जास्त होतं. म्हणजे नुसतं धार्मिक असणं-नसणं मोजून भागत नाही, माणूस आणि देव ह्यांचं कसं चाललंय ते बघावं लागतं.

दुसरी भानगड उलटसुलट कारणांची. अमेरिकन नर्सेसवर वर्षानुवर्षं चाललेला एक मोठा अभ्यास आहे, त्यातल्या जवळपास ४९ हजार बायकांचा १९९६ ते २००८ मधला डेटा काढून २०१६ ला पेपर आला. नेमाने चर्चला जाणाऱ्यांत डिप्रेशनचा धोका सुमारे २९ टक्के कमी. लगेच टाळ्या वाजवू नका, कारण तिथेच हेही दिसलं की ज्यांना डिप्रेशन आलं त्यांचं पुढे चर्चला जाणंच कमी झालं. सत्संगाला नेमाने दिसणारी माणसं हसरी असतात ह्याचं एक कारण असंही आहे की जी हसरी राहिली नाहीत ती घरी बसलीत, ती आपल्याला दिसत नाहीत.

हे झालं सरसकट धर्माबद्दल. कडक समाजांचं काय? इथे दोन फार इंटरेस्टिंग अभ्यास आहेत.

अमेरिकेत पेनसिल्वेनियाला आमिश नावाच्या ख्रिश्चन पंथाचे लोक राहतात. गाड्या नाहीत, घोडागाडी, साधे एकरंगी कपडे, घरात विजेची लाइन नाही, दारू नाही, समाजाबाहेर लग्न नाही, आणि बाप्तिस्मा घेऊन मग नियम मोडला तर समाज तुमच्याशी व्यवहार तोडतो. ह्याहून कडक काय असणार. १९७६ पासून जॅनिस एजलँड नावाच्या संशोधक बाईंनी तिथे सुमारे १२ हजार लोकवस्तीत मानसिक आजार मोजले. आपण म्हणू की इतक्या बंधनात अर्धे लोक डिप्रेस असतील, तर तसं काही नाही, मोठ्या डिप्रेशनचं प्रमाण उलट कमीच निघालं. आणि बाकी जगात बायकांमध्ये डिप्रेशन पुरुषांच्या जवळपास दुप्पट दिसतं तसं तिथे दिसलं नाही, दोघांत सारखंच. त्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की बाहेरच्या पुरुषाचं दुःख दारूत आणि मारामारीत लपतं, आमिश पुरुषाला तो मार्गच नाही, त्यामुळे त्याचं डिप्रेशन डिप्रेशन म्हणूनच दिसतं. माळ घातली, बैठकीला जायला लागला आणि दारू सुटली असे पुरुष आपल्याकडे लालबाग-भांडुपला ढिगाने आहेत, त्यांच्या बायकांना विचारा नियमांचा फायदा काय असतो.

त्याच अभ्यासात त्यांनी १८८० ते १९८० अशा शंभर वर्षांतल्या आत्महत्या शोधल्या. शंभर वर्षांत २६, आणि त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश फक्त चार कुटुंबांच्या वंशावळीत. आत्महत्या केलेले जवळजवळ सगळे मूडच्या मोठ्या आजाराचे पेशंट होते. म्हणजे रक्तात काही आहे, ते कितीही साधं राहून, कितीही प्रार्थना करून जात नाही. (आणि हो, आमिश माणसाचा मॅनिया, म्हणजे मूड अती वर जाऊन माणूस सुटतो तो आजार, कसा ओळखायचा तर तो घोडागाडी सुसाट पळवतो, पब्लिक फोनला चिकटून राहतो. आजार तोच असतो, दिसतो मात्र त्या त्या समाजाच्या रीतीने.)

दुसरा अभ्यास हटराइट लोकांचा, हाही तसाच कडक ख्रिश्चन पंथ, अमेरिका-कॅनडात, सगळी मालमत्ता सामायिक, एकत्र जेवण, एकत्र शेती. १९५० च्या सुमारास जोसेफ ईटन आणि रॉबर्ट वील ह्या दोघांनी ह्यांचे साडेआठ हजार लोक पाहिले. त्यांना अपेक्षा होती की असल्या शांत समाजात मानसिक आजार नसतील. आजार होतेच, आणि गंभीर आजारांत सगळ्यात जास्त डिप्रेशनच्या जातीचे होते. आता मला ह्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. हे लोक डिप्रेशनला सैतानाने घेतलेली परीक्षा समजायचे. ऐकायला अंधश्रद्धा वाटते, पण त्याचा परिणाम बघा: परीक्षा म्हणजे त्या माणसाचं पाप नाही, चांगल्या माणसालाही येते, त्यामुळे त्याला कोणी नावं ठेवायचं नाही, काम हलकं करून द्यायचे, सोबतीला माणूस बसवायचे, बरा झाला की पुन्हा पंगतीत. कल्पना चुकीची असेल पण वागणूक बरोबर होती. आपल्याकडे बऱ्याच सुशिक्षित घरांत अगदी उलट चालतं, डिप्रेशन हा ब्रेनचा आजार आहे हे पाठ असतं आणि वागणूक मात्र 'उठ, नाटकं बंद कर'.

म्हणून मी ह्या सगळ्यातून एकच गोष्ट काढतो, की नियम किती आहेत हा प्रश्नच नाही. नियम ज्याला पाळता येत नाही त्याचं पुढे काय होतं, आणि 'मला बरं वाटत नाहीये' हे त्याला कोणाला तोंडाने सांगता येतं का, हा प्रश्न आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीमने १८९७ सालीच ह्याचा अर्धा भाग सांगून ठेवला होता. त्याचं म्हणणं, माणूस समाजाशी किती बांधलेला आहे आणि समाज त्याच्यावर किती नियंत्रण ठेवतो ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचं कमी पण वाईट आणि अती पण वाईट. त्याने कॅथलिक भागांत आत्महत्या कमी आणि प्रोटेस्टंट भागांत जास्त असं दाखवलं. पुढे १९९६ मध्ये हॉलंडचे जुने रेकॉर्ड तपासले तर असं दिसलं की कॅथलिक लोकांच्या काही आत्महत्या 'अचानक मृत्यू' किंवा 'कारण अस्पष्ट' अशा खात्यात गेल्या असाव्यात. जिथे आत्महत्या हे महापाप तिथे ती कागदावर येतच नाही. कडक समाजांचे आकडे वाचताना हे डोक्यात ठेवायला लागतं, कमी आहे की लपलंय.

लपवण्याचं सगळ्यात मोठं कारण लग्न. न्यूयॉर्क-इस्रायलच्या कट्टर ज्यू समाजांबद्दल लिहिलेलं वाचलं तर वाटतं आपल्याच वधू-वर सूचक मंडळाबद्दल चाललंय: घरात एकाला मानसिक आजार आहे कळलं तर भावंडांची पण स्थळं जातात, म्हणून औषध लांबच्या मेडिकलमधून आणायचं, डॉक्टर दुसऱ्या एरियातला शोधायचा. मुंबईत पण हेच, गिरगावात राहणारी मुलगी ठाण्याला दाखवायला जाते, म्हणजे ओळखीचं कोणी वेटिंग रूममध्ये भेटू नये.

आता मुंबईचं स्पेशल. इथे 'समाज' म्हणजे नुसता देव आणि सण नाही. समाज म्हणजे खोली. समाजाच्या ट्रस्टची चाळ, समाजाची सोसायटी जिथे दुसऱ्याला विकता येत नाही, समाजाचा हॉल जिथे कमी भाड्यात लग्न होतं, पतपेढी, शाळेची स्कॉलरशिप, हॉस्पिटलच्या बिलाला मदत, नोकरीला चिठ्ठी. ह्या शहरात जिथे दहा बाय बाराच्या खोलीच्या भाड्यात अर्धा पगार जातो तिथे ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मुंबईकराला सांगायला नको. लॉरेन्स आयानाकोन नावाच्या इकॉनॉमिस्टने १९९४ ला ह्यावर छान मांडणी केली: कडक नियमांमुळे नुसते फुकटे, मतलबापुरते येणारे लोक गळून पडतात, जे उरतात ते एकमेकांसाठी खूप करतात, म्हणून कडक पंथ उलट मजबूत होतात. किंमत जास्त म्हणून माल चांगला, असंच समजा.

पण ह्याचीच दुसरी बाजू अशी की मग बाहेर पडायचं असेल तर देव सोडून चालत नाही, घर सोडावं लागतं, आणि आईबापांचं म्हातारपण, बहिणीचं लग्न, धंद्यातली उधारी सगळं पणाला लागतं. ज्या माणसाला आतून पटत नाही पण बाहेर पडणं परवडत नाही तो दोन आयुष्यं जगायला लागतो. घरात एक, चर्चगेटच्या ऑफिसात एक. कपडे बदलायची जागा म्हणजे स्टेशनचं टॉयलेट. हे वर्षानुवर्षं चाललं की दमछाक होते, सतत पकडलं जाण्याची भीती, कोणाशीच खरं बोलता न येणं, आणि ह्या दोन्ही गोष्टी डिप्रेशनला खतपाणी घालतात.

आणि नुसता जुना मोठा धर्मच कशाला, कोकणातली गावकी घ्या. गाव रायगड-रत्नागिरीत, पण निर्णय अर्धे इथे परळ-लालबागच्या 'मुंबई मंडळा'च्या मीटिंगमध्ये. कुटुंबाला वाळीत टाकलं की काय होतं? शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी सगळ्यांच्या दारात येते, ह्यांच्या दारासमोरून पुढे जाते. लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही, मुलांशी कोणी खेळत नाही. ज्याने चाकरमानी म्हणून आयुष्यभर गणपतीच्या चार दिवसांसाठी अकरा महिने ढकलले त्याचं काय होत असेल विचार करा. बाहेरच्याला वाटतं, जाऊ दे ना पालखी गेली तर. त्याला ते कळणारच नाही.

महाराष्ट्राने ह्यावर कायदा केला, सामाजिक बहिष्कार विरोधी, विधिमंडळात २०१६ ला पास झाला आणि २०१७ मध्ये लागू. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धर्मगुरूने समाजाबाहेर काढण्याचा वाद तर मुंबईला जुनाच आहे: मुंबई राज्याने १९४९ लाच तशा बहिष्कारावर बंदीचा कायदा केला होता, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ ला सुप्रीम कोर्टाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो कायदा रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या बेंचकडे पाठवलं गेलं. कोर्टात भांडण हक्कांचं असतं, कोणाला किती रात्री झोप लागली नाही ते तिथे रेकॉर्डवर येत नाही, पण मानसिक आरोग्याच्या बाजूने बघितलं तर बहिष्कार म्हणजे माणसाचा सगळा आधार एका दिवसात काढून घेणं.

मग सोडून द्यावं का? दुसऱ्या पार्टीवाल्यांचं उत्तर सोपं आहे, पण पुरावा तेवढा सोपा नाही. अमेरिकेत २०१० ला शाइटल आणि अॅडमचिक ह्या दोघांनी कडक पंथांत वाढलेल्यांचा डेटा पाहिला तेव्हा पंथात राहिलेल्यांपेक्षा सोडून गेलेले लोक आपली तब्येत वाईट असल्याचं जास्त सांगत होते. कारणं दोन्हीकडची असू शकतात, आजारी-दुःखी होते म्हणून सोडलं, किंवा सोडल्यावर आधार गेला. त्यामुळे डिप्रेशनच्या ऐन खड्ड्यात असताना कोणी 'आजच घर सोड' असा सल्ला देत असेल तर जपून. मारहाण असेल, जबरदस्तीचं लग्न असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी जीव वाचवायचा. पण एरवी आधी बाहेर दोन-चार माणसं, थोडे पैसे, झोपायला जागा, आणि आधी डिप्रेशनचा इलाज, मग निर्णय.

आता आतली गोष्ट, जी मला वाटतं सगळ्यात कमी बोलली जाते. डिप्रेशनमध्ये कशातच रस वाटत नाही म्हणतो ना, त्या 'कशात'मध्ये पूजा पण येते. जी बाई वीस वर्षं पहाटे उठून हरिपाठ म्हणते तिला एक दिवस शब्द नुसते तोंडातून जाताना दिसतात, आत काही हलत नाही. नमाजात मन लागत नाही. प्रार्थना कोणी ऐकतंय असं वाटत नाही. हे आजाराचं लक्षण आहे, जसं जेवण बेचव लागणं. पण तिला सांगितलेलं असतं की श्रद्धा असेल तर शांती मिळतेच, मग ती हिशोब लावते, शांती नाही म्हणजे माझी श्रद्धाच खोटी, मी कुठेतरी पाप केलंय. मगाशी ते 'अपराधी वाटणं' लक्षात ठेवा म्हटलं ते ह्यासाठी, डिप्रेशन ते स्वतःच तयार करतं, आणि मग त्याला धर्माची भाषा आयती मिळते. मग ती उपास वाढवते, अजून एक पारायण, झोप अजून कमी, अंगात ताकद नाही, आणि आजार वाढतो. घरचे कौतुक करतात, किती करते हो देवाचं. कडक घरात हे चक्र ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागतो कारण बाहेरून ते भक्तीसारखंच दिसतं.

ह्याला लागूनच अजून एक प्रकार आहे, तो डिप्रेशन नाही, ओसीडीचा (तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा) प्रकार, पण त्याच्यामागून डिप्रेशन येतंच. मंत्राचा उच्चार चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, वजू (नमाजाआधीचं हातपाय धुणं) नीट झाली नाही म्हणून पुन्हा, शिवाशिव झाली म्हणून पुन्हा अंघोळ, मनात देवाबद्दल घाण विचार आला म्हणून दिवसभर माफी. जेझुइट ह्या कॅथलिक पंथाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला, ज्यांच्या पंथाने १८६९ ला आपल्या धोबीतलावचं झेवियर्स कॉलेज काढलं, त्यांना स्वतःला स्पेनमध्ये मानरेसाला असताना हा त्रास झाला होता. कबुली दिलेलीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करायची, तरी समाधान नाही, इतकं की जीव द्यावासा वाटायला लागला. त्यांची कबुली ऐकणाऱ्या फादरनेच अखेर सांगितलं होतं की जुनं काही अगदी स्पष्ट असल्याशिवाय पुन्हा कबूल करू नकोस. आजचे थेरपिस्ट साधारण त्याच दिशेने काम करतात, की शंका येऊ दे, पण पुन्हा पुन्हा शुद्धी करायची नाही.

केनेथ पार्गामेंट ह्या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात संकटातल्या धार्मिक वागण्याचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस देवाला सोबती मानतो, त्याच्याकडे ताकद मागतो, लोकांची मदत घेतो. दुसऱ्यात त्याला वाटतं देवाने टाकलंय, शिक्षा चाललीय, समाजाने पण टाकलंय. दुसरा प्रकार लांबला की डिप्रेशनशी त्याचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसतो. पण इथे माझी एक टिप्पणी. देवावर रागावणं आणि देवाने आपल्याला टाकलंय असं गपचूप मानणं ह्यात फरक आहे. आपले वारकरी संत विठोबाशी कचकचून भांडलेत. तुकोबांनी दुष्काळात बायको-मुलगा गमावले आणि पुढे अभंगांत देवाला नको नको ते सुनावलं, जनाबाईने तर शिव्या घातल्या, आणि समाजाने ते पुसून टाकलं नाही, तेच आज टाळ वाजवून म्हणतो. म्हणजे आपल्या परंपरेत तक्रारीला जागा आहे. घरोघरचे जे कडक नियम आहेत त्यात मात्र ती जागा बऱ्याचदा बंद केलेली असते, मुलगी म्हणाली मला नाही पटत, तर लगेच जीभ सांभाळ.

ज्यांना नियमांच्या चौकटीत बसणंच शक्य नाही त्यांचं तर अजून अवघड. गे किंवा लेस्बियन मुलं ह्यात पहिली. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात केटलिन रायन ह्यांनी २२४ तरुणांचा अभ्यास केला, ज्यांना घरच्यांनी फार जास्त झिडकारलं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न ८.४ पट आणि डिप्रेशन ५.९ पट जास्त होतं, ज्यांना घरी फारसं झिडकारलं गेलं नाही त्यांच्या तुलनेत. म्हणजे धर्मग्रंथात काय लिहिलंय त्यापेक्षा बाप जेवताना बोलतो की नाही ह्याने फरक पडला. आपल्याकडे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम २०१८ ला कोर्टाने बाजूला केलं, पण बापाला कोर्टाची ऑर्डर देता येत नाही. मूल न होणारी सून, नवऱ्याला सोडलेली बाई, आंतरजातीय लग्न केलेला मुलगा, पाळीच्या चार दिवसांत अजून बाजूला बसायला लागणारी आणि त्यावर प्रश्न विचारणारी पोरगी, ह्यांच्या बाबतीत पण तेच, नियम सगळ्यांना सारखा असतो पण भार ह्यांच्यावर.

इलाजाकडे येऊ. धर्म आणि डॉक्टर एकमेकांचे दुश्मन असायलाच हवेत असं नाही. २००२ साली निम्हान्सच्या रघुराम वगैरे डॉक्टरांनी तामिळनाडूतल्या एका मुथुस्वामी मंदिरात राहायला आलेल्या ३१ मानसिक रुग्णांना पाहिलं, बहुतेक गंभीर आजाराचे. औषध नाही, झाडफूक नाही, नुसतं नातेवाइकासोबत मंदिरात राहायचं, झाडलोट वगैरे हलकं काम, कोणी ओरडणारं नाही. सरासरी सहा आठवड्यांत लक्षणांचा स्कोअर जवळपास २० टक्क्यांनी उतरला. आणि त्याच राज्यात २००१ च्या ऑगस्टमध्ये एरवाडीला, दर्ग्याजवळच्या खाजगी आश्रमात साखळीने बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले. दोन्हीकडे श्रद्धास्थानच होतं. एकीकडे जागा आणि प्रेम, दुसरीकडे साखळी. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मग 'दवा आणि दुवा' असा मधला रस्ता काढला, मुजावर, म्हणजे दर्ग्याचा सेवेकरी, दुवा करतो आणि तिथूनच सायकॅट्रिस्टकडे पाठवतो. कोणाला बोलणी नाहीत, ताईत काढायला लावत नाहीत.

घरच्यांची मोठी भीती असते की डॉक्टर देव सोडायला सांगेल, गोळ्या देऊन पोराला नास्तिक करेल. चांगला डॉक्टर असं करत नाही, आणि कोणी करत असेल तर डॉक्टर बदला. उलट भीती पण खरी आहे, की घरचेच 'हा धर्म पाळत नाही म्हणजे डोकं फिरलंय' असं म्हणून पोराला उचलून डॉक्टरकडे नेतात. त्यावर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अगदी स्पष्ट आहे, समाजाच्या धार्मिक समजुती किंवा नैतिक मूल्यं माणूस मानत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. हे कलम ३ मध्ये आहे, गरज पडली तर दाखवा. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगारासारखं न वागवता तो प्रचंड तणावात होता असं धरायचं ठरवलंय, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने हॉस्पिटलला न्यायला उशीर करू नका.

घरात असा कोणी असेल तर श्रद्धेवर वाद घालू नका, तो जिंकून काही मिळत नाही. झोप कशी लागते, जेवण जातं का, सकाळी उठवतं का, मरावंसं वाटतं का, हे विचारा, सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. समाजात एखादे मोठे माणूस असतात ज्यांचं सगळे ऐकतात, एखादे महाराज, मौलवी, फादर, कीर्तनकार बुवा, जे समजूतदार असतात, त्यांच्याकडून 'औषध घे, हे पण देवाचंच काम आहे' एवढं वाक्य मिळवलं तर जे तुम्ही वर्षभर सांगून झालं नाही ते होतं. प्रत्येक परंपरेत चुकलेल्याला परत घ्यायची सोय मुळात आहेच, कन्फेशन आहे, तौबा आहे, जैनांचं मिच्छामि दुक्कडम् आहे, आपलं प्रायश्चित्त आहे. त्या सोयीची आठवण करून द्यायला आतलाच माणूस लागतो, बाहेरच्याचं ते ऐकणार नाहीत.

पैशाचा प्रश्न असेल तर केईएम, नायर, सायन ह्या पालिकेच्या तिन्ही हॉस्पिटलांत सायकॅट्रीची ओपीडी आहे, केसपेपर स्वस्त आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं. समाजात कळेल ही भीती असेल तर तिथल्या गर्दीत उलट कोणी कोणाला ओळखत नाही. आणि घराबाहेर पडणंच शक्य नसेल तर सरकारची टेली-मानस लाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत पण बोलतात. पेशंटनेच फोन केला पाहिजे असं नाही, बहीण, मित्र, सासू कोणीही करून विचारू शकतं की आमच्याकडे असं असं चाललंय, काय करू.